थेट म्हणजे कुणाच्या दारातून?

रविवारी रात्री साडेआठला आमच्याकडे अमेरिकेचा फोन येतो. (फोन म्हणायचं, पण हल्ली त्यात चेहरेही दिसतात, त्यामुळे मला बनियनवर बसता येत नाही.) थोरला न्यू जर्सीत, धाकटा पुण्यात हडपसरला आणि आम्ही दोघं इथे पळसदेवला. मागच्या रविवारी विषय होता मे महिन्याच्या सुट्टीचा. सगळ्यांनी मिळून तीन आठवडे थोरल्याकडे जायचं हे ठरलेलं. आम्ही दोघं, धाकटा, सूनबाई आणि दोन नातवंडं, म्हणजे सहा तिकिटं.

"बाबा, तुम्ही काळजीच करू नका," थोरला म्हणाला. "मागच्या वेळसारखी डायरेक्ट फ्लाइट घेतो. सोळा तासांत इकडे!"

"मला थेट विमान नको," मी म्हणालो.

पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं नेट गेलं.

तेव्हापासून घरात माझी गणना हट्टी म्हाताऱ्यांत झाली आहे. धाकटा म्हणतो, "बाबा, लोक पैसे नाहीत म्हणून मध्ये थांबत जातात. आपण पैसे द्यायला तयार आहोत, तरी तुम्ही नको म्हणता!" नातवाच्या मते मला विमानाची भीती वाटते. एकट्या सूनबाईंनी सांगितलं, "बाबा, तुमचं म्हणणं नीट लिहून तरी काढा." म्हणून हे लिहितो आहे. चौतीस वर्षं भूगोल आणि मराठी शिकवलं, तेव्हा मध्येच विषय सोडून गेलो तर सांभाळून घ्या. वर्गातही जायचो.

आधी त्या ‘थेट’ शब्दाकडे बघू. आपल्या एसटीने हे प्रकरण फार प्रामाणिकपणे सोडवलं होतं. ज्या गाडीवर ‘विनाथांबा’ पाटी, ती थांबणार नाही. कंडक्टर नसेल तर ‘विनावाहक’. संपला विषय. विमानवाल्यांच्या भाषेत मात्र डायरेक्ट वेगळं आणि नॉन-स्टॉप वेगळं. एकाच क्रमांकाचं विमान वाटेत कुठे उतरून पुढे गेलं तरी ते डायरेक्टच. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो. बरं, विनाथांबा म्हणून घेतलेलं विमान विनाथांबाच जाईल याचीही खात्री नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना एवढा वळसा पडला की तेल भरायला व्हिएन्नाला उतरावं लागलं. लोकांनी पैसे थेटचे मोजले होते.

पण माझी खरी तक्रार वेगळी आहे. थेट म्हणजे कुठून थेट? कुणाच्या दारातून?

एक उदाहरण घालतो. २०२४ च्या मे महिन्यात आम्ही याच ‘सोळा तासांच्या’ विमानाने मुंबईहून न्यूयॉर्कला गेलो. पळसदेवहून दुपारी तीनला निघालो. मुंबईचं विमानतळ इथून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. सोलापूर रस्ता, पुण्याची गर्दी, घाटातले ट्रक, मध्ये एकदा जेवण, असं करत साडेनऊला पोचलो. विमान रात्री दीडला. ते सोळा तासांनी उतरलं. पासपोर्टाची रांग आणि सामान यांत दीड तास. तिथून थोरल्याच्या घरापर्यंत आणखी दीड तास. आता बेरीज करा. साडेसहा, चार, सोळा, दीड, दीड. साडेएकोणतीस तास! सोळा हे उत्तर नव्हतंच, ती उदाहरणातली मधली एक पायरी होती. पण तिकिटाच्या पडद्यावर तेवढीच पायरी ठळक अक्षरात दिसते, आणि मुलं तिच्याकडे बघून निर्णय घेतात. अर्ध्या उदाहरणाला मी कधी पूर्ण गुण दिले नाहीत.

बेरीज तरी ठीक आहे. त्या सोळा तासांत काय झालं ते सांगतो, कारण त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही.

आमच्या सहा जागा एकत्र मिळाल्या नाहीत. मुलं आणि नातवंडं चार-पाच ओळी पुढे. आम्ही दोघं मागे. मी खिडकीशी, ही मधल्या जागेवर आणि वाटेकडच्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ. विमान सुटल्यावर अर्ध्या तासात ते झोपले. ही लघवीला एकदा उठली, त्यांना उठवावं लागलं, ते थोडेसे पुटपुटले. बस्स. त्यानंतर हिने पाणीच घेतलं नाही. ती मुलगी ट्रे घेऊन यायची, ही हाताने नको म्हणायची. मला वाटलं तहान नसेल. मीही आपला पडद्यावरच्या नकाशात विमान कुठल्या देशावरून चाललंय ते बघण्यात गुंग. (भूगोलाच्या मास्तराला एवढं मोठं खेळणं कुठे मिळणार!) न्यूयॉर्कला उतरताना हिच्या चपला पायात जाईनात. पाय असे सुजले होते की घोटा दिसत नव्हता. शेवटी माझे मोजे घालून, चपला पिशवीत ठेवून, ही अमेरिकेत शिरली. पासपोर्ट तपासणाऱ्या साहेबाने काउंटरवरून वाकून खाली पाहिलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्याने डॉक्टरकडे नेलं. गाठबीठ झालेली नव्हती, पण ते कळेपर्यंतचे दोन तास मी त्या गुळगुळीत दवाखान्यात कसे काढले ते माझं मला माहीत. रात्री हिला विचारलं, "पाणी का प्यायली नाहीस?" म्हणाली, "त्या माणसाला किती वेळा उठवायचं?"

ही त्र्याहत्तर वर्षांची आहे. आयुष्यभर शाळेच्या सहलीत, एसटीत, लग्नाच्या वऱ्हाडात बायका हेच करत आल्या, प्रवास म्हटला की आदल्या रात्रीपासून पाणी बंद. विमानात संडास आहे म्हणून ती सवय सुटत नाही. ‘थेट म्हणजे आरामात’ असं माझी मुलं म्हणतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांचं स्वतःचं शरीर असतं.

आता थोडं शास्त्र. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये दूरच्या प्रवासावरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. चार तासांहून जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं त्यात आढळलं. घाबरून जाण्यासारखं नाही, कारण दुप्पट होऊनही ते प्रमाण सहा हजारांत एक एवढंच आहे. पण ते सर्वसाधारण माणसाचं. वय, वजन, आधीचं आजारपण यांनी ते वाढतं. दुसरी गोष्ट हवेची. विमानाच्या आतली हवा गावातल्यासारखी दाट नसते. साधारण २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ असू शकते, नव्या बनावटीच्या काही विमानांत ती १८०० मीटरपर्यंत खाली आणली आहे. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. म्हणजे नव्यातलं नवं विमान घेतलं तरी आम्हा दोघांना कळसूबाईच्या डोक्यापेक्षा उंच नेऊन सोळा तास एका खुर्चीत बसवायचं, आणि याला म्हणायचं सोय!

धाकट्याने लगेच त्याच अभ्यासातलं दुसरं वाक्य काढून दाखवलं. (चांगला विद्यार्थी आहे, माझाच.) थोड्या दिवसांत अनेक विमानप्रवास केले तरी धोका वाढतो, असंही त्यात आहे. मान्य. म्हणून तर मी नुसतं विमान बदलायचं म्हणत नाही. मी म्हणतो, मुक्काम करा.

हा फरक कुणी लक्षातच घेत नाही. विमानबदल म्हणजे काय ते आम्ही २०१८ साली पुरेपूर भोगलं आहे. तेव्हा थोरल्याचं घराचं कर्ज नवं होतं, त्याने स्वस्तातली तिकिटं काढली. युरोपात एकदा बदल, अमेरिकेत उतरल्यावर दुसरा बदल, आणि तो शेवटचा टप्पा वेगळ्या तिकिटावर. मध्ये वेळ दोन तास. अमेरिकेत ज्या विमानतळावर पहिल्यांदा उतराल तिथेच पासपोर्टाची तपासणी होते, तिथेच सामान स्वतः उचलून पुन्हा पुढच्या विमानात द्यावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. रांगेतच सव्वादोन तास गेले. पुढचं विमान निघून गेलं. एकाच तिकिटावर सगळे टप्पे असते तर पुढच्या विमानात बसवून देणं हे कंपनीचं काम होतं. वेगळं तिकीट म्हणजे तुम्ही आणि तुमचं नशीब. काउंटरवरच्या बाईने अगदी गोड हसून तसं सांगितलं. रात्रभर लोखंडी खुर्च्यांवर बसलो, त्या खुर्च्यांना मध्ये हात असे बसवलेले की कुणी आडवं होऊ नये. हिने बरोबर घेतलेल्या दशम्या तिथे संपल्या.

तर असं आहे. थोरल्याने एकदा आमचा प्रवास रुपयांत मोजला आणि एकदा स्वतःच्या रजेच्या तासांत. दोन्ही वेळा गणित त्याचं आणि पाय आमचे. मुलं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. दोन्ही वेळा त्यांनी प्रेमानेच केलं. पण विचारलं नाही.

मुक्काम म्हणजे काय ते आमच्या इंदापूर तालुक्याला शिकवायला नको. दर आषाढीला तुकोबांची पालखी आमच्या तालुक्यातून जाते. देहू ते पंढरपूर थेट जायचं म्हटलं तर मोटारीने अर्ध्या दिवसाचं काम. वारीतला माणूस मुक्कामाला ‘वाया गेलेला वेळ’ म्हणत नाही. दूरच्या विमानप्रवासातही एके काळी थांबणं गृहीतच होतं. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून लंडनला निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. १९६० मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली तीही लंडनमार्गे. तेव्हा इलाज नव्हता हे खरं. पण इलाज सापडला म्हणून तो प्रत्येकाला मानवतोच असं नाही.

मुक्काम कुठे करायचा, हा प्रश्न मात्र सोपा नाही, आणि इथे मला माझ्या बाजूच्या लोकांशीही भांडायचं आहे. सगळे आखातातून जायला सांगतात. दुबई, अबुधाबी, दोहा. पासपोर्टावर अमेरिकेचा व्हिसा असेल तर आपल्याला दुबई-अबुधाबीत उतरल्यावर व्हिसा मिळतो, बाहेर पडून हॉटेलात झोपता येतं. अबुधाबीची आणखी एक सोय म्हणजे २०१४ पासून अमेरिकेची पासपोर्ट तपासणी तिथेच उरकते, पलीकडे उतरल्यावर ती रांग नाही. सगळं छान. पण नकाशा बघा! मुंबईहून तिथपर्यंत तीन तास आणि तिथून न्यूयॉर्क जवळजवळ चौदा. पुण्याहून सोलापूरला निघावं, हडपसरला चहा प्यावा आणि ‘मध्ये थांबलो होतो’ म्हणावं, तसलाच प्रकार. शिवाय जून २०२५ मध्ये इराणने कतारमधल्या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा कतारची हवाई हद्द काही तास बंद झाली आणि हजारो प्रवासी अडकले. थांबत जाणाऱ्याला वाटेतल्या गावाचं भांडणही सोसावं लागतं, हा थेटवाल्यांचा मुद्दा मी खोडू शकत नाही.

मोजून अर्ध्यावर येतो तो युरोप. मुंबई ते फ्रँकफुर्ट नऊ तास, तिथून न्यूयॉर्क साडेआठ. घड्याळाचं गणित तर फळ्यावर मांडावं असं. उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. फ्रँकफुर्ट साडेतीन तास मागे, आणि तिथून न्यूयॉर्क सहा. साडेनऊचा घोट एकदम घेण्यापेक्षा दोन घोटांत. अडचण व्हिसाची. अमेरिकेचा व्हिसा असला की विमानतळाच्या आतल्या आत विमान बदलायला जर्मनीत वेगळा व्हिसा लागत नाही, बाहेर पडायचं तर लागतो. पण मला फ्रँकफुर्ट बघायचं नाहीच. मला हिला पाय लांब करून आठ तास झोपलेलं बघायचं आहे, आणि तशी खोली विमानतळाच्या आतही भाड्याने मिळते.

"बाबा, एक अख्खा दिवस जाईल," धाकटा म्हणतो. जाईल की! तीन आठवड्यांतला एक दिवस. २०२४ मध्ये थेट जाऊन आम्ही तो दिवस वाचवला, आणि पोचल्यावर पहिले तीन दिवस पडदे ओढून पलंगावर काढले. थोरल्याने आमच्यासाठी काढलेली रजा तो स्वयंपाकघरात एकटा फोन बघत बसून संपवत होता. तो वाचलेला दिवस कुणाच्या खात्यावर जमा झाला ते मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

थोरला वेगळ्याच वाटेने आला. त्याने एका पक्ष्याची माहिती पाठवली. गॉडविट नावाचा पाणपक्षी २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर न थांबता उडत गेला. "बाबा, निसर्गातसुद्धा नॉन-स्टॉप आहे!" मी त्याला कळवलं, बाळा, तो पक्षी निघण्यापूर्वी स्वतःचं पोट आणि आतडी आकसून घेतो, तुझ्या आईला ते जमणार नाही. आमच्या उजनीच्या फुगवट्यावर हिवाळ्यात पट्टकादंब येतात, ते हिमालय ओलांडून येतात आणि वाटेत पाणी दिसलं की उतरतात. त्यांची माहिती तू पाठवली नाहीस.

थेट विमान कुणीच घेऊ नये असं माझं म्हणणं नाही. तान्हं मूल असेल तर थेटच जा. व्हीलचेअर लागणाऱ्याला प्रत्येक थांब्यावर पुन्हा व्हीलचेअरची वाट बघावी लागते, त्याचंही थेटमध्ये भलं. इंग्रजी न बोलणारी एकटी आई पाठवत असाल तर देवासारखं थेट. पण ‘परवडतं तर थेटच’ हा जो नियम झाला आहे, तो मला मान्य नाही.

आणि आणखी एका ठिकाणी हा शब्द मला टोचतो. पुण्यातल्या माझ्या ओळखीच्या प्रत्येक घरातलं कुणीतरी परदेशात आहे, आणि प्रत्येकाचं एकच गाऱ्हाणं, पुण्याहून थेट विमान नाही. २००८ मध्ये पुणे ते फ्रँकफुर्ट सुरू झालं होतं, ते टिकलं नाही. लोहगाव हवाई दलाचं, धावपट्टी मोठ्या विमानांना अपुरी. म्हणून पुरंदरला नवं विमानतळ हवं, आणि २०१६ पासून ते येतंय. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी. मे २०२५ मध्ये जमिनीच्या ड्रोन सर्वेक्षणाला विरोध करताना तिथल्या लोकांनी लाठ्या खाल्ल्या, पुढे पुष्कळांनी संमतीही दिली. विमानतळ व्हावं की नाही हे मी कोण सांगणार? पण त्याच्या बाजूने बोलताना ‘म्हाताऱ्या आईवडिलांची किती सोय होईल’ असं जे म्हणतात ना, तिथे माझं नाव घालू नका. आमचं जुनं पळसदेव उजनीच्या पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं की पळसनाथाचं जुनं देऊळ वर येतं, लोक मोटारी घेऊन बघायला येतात, फोटो काढतात. धरण झालं, ऊस झाला, माझ्या मुलांची शिक्षणं त्याच उसावर झाली, मी नाकारत नाही. पण गाव उठणं म्हणजे काय ते मी पंचविशीत पाहिलेलं आहे. माझ्या गुडघ्यांच्या नावावर दुसऱ्याचं गाव उठवायला मी सही देणार नाही. मी मुंबईला जाईन, आणि मध्ये एक रात्र झोपेन.

इथवर लिहून झालं आणि माझ्याच लक्षात आलं की मी मुलांना जे बोललो तेच मीही केलं. हिला विचारलंच नाही. ही ओट्यापाशी मेथी निवडत होती. सगळं वाचून दाखवलं. मोज्यांच्या ठिकाणी म्हणाली, "ते कशाला लिहिलंत?" बाकी गप्प ऐकलं. मग विचारलं, "बोल, थेट की मुक्काम?"

"मला वाटेकडची जागा द्या," ही म्हणाली. "ती मिळाली तर मी सोळा तासही बसेन. मधली असेल तर दोन तासांचंसुद्धा विमान नको."

"आणि मुक्काम?"

"तिथे चहा बरा मिळतो का?"

मी थोरल्याला रात्रीच कळवलं. तिकिटं सगळी एकाच क्रमांकावर, आईला वाटेकडची जागा आधी पैसे भरून पक्की कर, फ्रँकफुर्टला एक रात्र, आणि फरकाचे पैसे माझ्या पेन्शनमधून. त्याचं उत्तर सकाळी आलं. मुक्कामाबद्दल एक अक्षर नाही. फक्त एवढंच विचारलंय, "आई त्या वेळी पाणी प्यायली नव्हती, हे मला कुणीच कसं सांगितलं नाही?"

आजचा भाव गुरुवारपर्यंत आहे म्हणतात. बघू या.